पस्तिसाव्या हिश्शाचा रणगाडा

खोक्यावर धूळ उडवीत दिमाखाने चाललेला रणगाडा रंगविलेला असतो. पण झाकण उघडून पाहावे, तर आत रणगाडा नसतोच. आत असतात प्लॅस्टिकच्या चार-सहा चौकटी, आणि आंब्याच्या डहाळीला कैऱ्या लोंबाव्यात तसे त्यांना लटकलेले शेकडो लहानमोठे भाग : चाके, झाकणे, कड्या, फावडी, तोफेची नळी. रणगाडा घडवायचा असतो तो ह्यांतूनच.

नवशिक्या माणसाला तोफेची नळी केव्हा एकदा बसवतो असे होऊन जाते. जाणता माणूस मात्र आधी चाके हाती घेतो. सेंच्युरियन ह्या ब्रिटिश बनावटीच्या रणगाड्याच्या एकेका बाजूला सहा चाकजोड्या असतात. म्हणजे दोन्ही बाजूंची मिळून चोवीस चाके झाली. प्रत्येक चाकाच्या कडेला साच्याची बारीक शीर उमटलेली असते. ती पॉलिशपेपरने घासून काढावी लागते. त्यातून आतली बारा चाके पुढे बाहेरच्या बारांआड दडून जायची असतात! हे काम कंटाळवाणे आहे, आणि ते तसे नाही असे सांगणाऱ्याच्या बोलण्यावर फारसा विश्वास ठेवू नये. जोडकामाचा पातळ द्रव मात्र गमतीचा असतो. तो डिंकासारखा चिकटवीत नाही. तो दोन्ही कडांचे प्लॅस्टिक किंचित विरघळवतो, आणि द्रव उडून गेला की दोन तुकड्यांचा एकच तुकडा होतो.

अशा प्रतिकृती बहुधा १:३५ ह्या प्रमाणात करतात. हा पस्तीसचा आकडा आला कोठून? जपानमधील शिझुओका येथील तामिया ह्या कंपनीने १९६०च्या दशकाच्या आरंभी पँथर नावाच्या जर्मन रणगाड्याची चालती प्रतिकृती काढली. तिच्या पोटात मोटार आणि बॅटऱ्या मावतील एवढा तिचा आकार ठेवला. पुढे मापे काढून पाहिली, तेव्हा ती मूळ रणगाड्याच्या सुमारे पस्तिसाव्या हिश्शाची भरली. बॅटरीच्या सोयीने ठरलेले हे माप पुढे जगभर रूढ झाले!

ह्या प्रमाणात पाच फूट सात इंच उंचीचा सैनिक पाच सेंटिमीटरांहून थोडा कमी भरतो. लांबीचे असे सरळ आहे. वजनाचे मात्र निराळे. लांबी, रुंदी आणि उंची अशा तिन्ही दिशांनी वस्तू आक्रसते, म्हणून वजनाला पस्तीसने तीनदा भागावे लागते. सेंच्युरियनचे वजन सुमारे ५२ टन. त्याला ४२,८७५ने भागले तर सव्वा किलोच्या आसपास उत्तर येते, आणि तेही प्रतिकृती मूळ पोलादाचीच केली तर. पोकळ प्लॅस्टिकचा रणगाडा ह्याहून पुष्कळच हलका असतो. म्हणजे त्याचे वजन हाताला लागायचे नाही, ते डोळ्यांना दाखवायचे! खऱ्या रणगाड्याच्या साखळीपट्ट्याची वरची बाजू स्वतःच्या भाराने दोन आधारांच्या मध्ये किंचित झोळ खाते. खोक्यातला पट्टा मात्र ताठ राहतो. कारागीर तो जागोजागी दाबून खाली चिकटवतो, आणि तेवढ्याने ते खेळणे एकाएकी जड दिसू लागते.

रंगाचेही गणित असेच आहे. रंगाचा थर दहावा हिस्सा मिलिमीटर जाड झाला, तर खऱ्या रणगाड्यावर साडेतीन मिलिमीटर जाडीचे लिंपण केल्यासारखे दिसेल, आणि बारीक खिळे त्यात बुडून जातील. म्हणून रंग पातळ करून दोन-तीन हात द्यायचे. शिवाय एक फुटावरून प्रतिकृती पाहणे म्हणजे पस्तीस फुटांवरून मूळ वस्तू पाहण्यासारखे आहे, आणि अंतराने रंग फिका दिसतो. खऱ्या डब्यातला गडद हिरवा रंग जसाच्या तसा लावला, तर प्रतिकृती काळवंडते. त्यात थोडा पांढरा किंवा पिवळसर रंग मिसळावा लागतो.

एवढे झाले, की रणगाडा कोरा करकरीत दिसतो. आणि आता तो मळवायचा असतो! नव्या वस्तूवर मुद्दाम डाग पाडणे पाहणाऱ्याला विचित्र वाटेल. पण ह्या छंदातला खरा विचार येथेच लागतो. पाण्यासारखा पातळ केलेला तपकिरी रंग खाचाखोचांत सोडायचा. जवळजवळ कोरड्या कुंचल्याने कडा उजळायच्या. साखळीपट्टा जेथे जमिनीला घासतो तेथे पोलाद चमकते, तेथे गंज दाखवायचा नाही. मातीही वाटेल ती चालत नाही. नगर जिल्ह्यातल्या शेतातली काळी माती लावलेला सेंच्युरियन पंजाबच्या सीमेवर लढला असे कोण म्हणेल? तेथली गाळमाती फिकट, भुरकट असते.

असाच एक सेंच्युरियन घडविणे कारागिराला फार अवघड जाते. त्याचे नाव 'फामागुस्टा', सायप्रस बेटावरच्या एका बंदराचे. १६ डिसेंबर १९७१ रोजी शकरगड भागात बसंतर नदीजवळ पूना हॉर्स पलटणीचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल ह्या रणगाड्यातून लढत होते. त्यांचा जन्म १९५० साली पुण्यात झाला होता. रणगाड्यावर गोळा बसून आग लागली. तो सोडून बाहेर या, असा आदेश मिळाला. पण तोफ अजून चालत आहे म्हणून त्यांनी तो सोडला नाही. पुढच्या माऱ्यात ते धारातीर्थी पडले. वय अवघे एकवीस. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र देण्यात आले. पूर्वी अहमदनगर म्हणविणाऱ्या आजच्या अहिल्यानगरात, लष्कराच्या चिलखती दलाच्या केंद्रात हा रणगाडा जपून ठेवलेला आहे.

त्याची प्रतिकृती करताना तो कोणत्या घटकेचा दाखवावा? जळलेला दाखविला तर हातचे सारे कसब पणाला लावता येते : काजळी, करपून सुटलेला रंग, वाकलेले पत्रे. हा मोह लहान नाही. पण कित्येक कारागीर त्या सकाळच्या आधीच हात थांबवतात, आणि त्यात भित्रेपणा आहे असे मानण्याचे कारण नाही. सेंच्युरियनमध्ये चार माणसे असतात. खोक्यातल्या रणगाड्याचे पोट मात्र बहुधा रिकामेच असते. ती चार माणसे तेथे होती हे आता बाहेरूनच कळले पाहिजे. मग साखळीपट्ट्यावर नदीकाठची ओली माती येते, आणि धूर निघणाऱ्या नळीपाशी थोडी काजळी. वरचे झाकण उघडे राहते. बुरुजावर चढायच्या जागी, जेथे रोज बुटांचे घर्षण होत असे, तेथे कुंचल्याच्या टोकाने रंग जरासा झिजवायचा असतो. तो किती झिजवावा हे पाहण्यासाठी कारागीर दिवा जवळ ओढतो, आणि एक ठिपका देऊन बराच वेळ नुसता बघत राहतो.