रायमुनियाचं रान

पावसाळा ओसरला की चंद्रपूर जिल्ह्यातल्या मोहर्लीच्या वाटेवर रायमुनिया फुलून येते. एकेका गेंदात मधली फुलं पिवळी, कडेची गुलाबी. मध पिवळ्यात असतो. परागीभवन झालं की फूल रंग बदलतं. फुलपाखरं ते ओळखून बसतात. बघत राहावं असं रूप. हात लावला की मात्र चौकोनी दांडीवरचे बाकदार काटे बोटात शिरतात आणि चुरगळलेल्या पानाचा उग्र वास हाताला चिकटून राहतो. घाणेरी म्हणतात ती हीच.

मूळची ती अमेरिकेतली. युरोपातल्या बागांत तिचे संकर झाले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ती शोभेसाठी कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात आली. कुंपणावरून रानात न्यायला बुलबुल होतेच. काळी फळं खायची, बिया टाकत जायच्या. भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांनी २०२० साली मांडलेला हिशेब असा, की वाघांच्या मुलखातलं ४० टक्क्यांहून अधिक जंगल तिने व्यापलंय.

दाट सावलीत तिचं फारसं चालत नाही. झाडं तुटली, वणवा फिरला, चराई वाढली, की त्या उघड्या जागी ती आधी पोचते. खालचं गवत मरतं, चितळ दुसरीकडे जातं. गुरांनी पाला खाल्ला तर यकृत बिघडतं.

मला जास्त सलतं ते वेगळंच. चैत्रात बाया पहाटे मोह वेचायला निघतात, वैशाखात अख्खं घर तेंदूपत्ता तोडायला. पानं खुडताना माणूस वाकलेला असतो, ध्यान पुड्यात आणि सांजेला पुडे मोजून द्यायच्या फळीत. अशा वेळी चार हातांपलीकडचं दिसायला हवं. चंद्रपूर-गडचिरोलीत हा जिवाचा प्रश्न आहे. रायमुनिया नेमकी ती नजर अडवते. तिच्या जाळीत वाघ बसला असला तरी कळत नाही.

वरवर छाटली, जाळली, तर ती पुन्हा फुटते. दिल्ली विद्यापीठाच्या सी. आर. बाबूंनी दाखवलेली रीत चांगली: खोडाखालचं मूळ जमिनीत तोडायचं आणि झुडूप उलटं करून ठेवायचं. मग गवत लावायचं, नवी रोपं काही वर्षं उपटत राहायचं. हे काम ग्रामसभांकडे द्यावं, रास्त मजुरीसह. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने २००९ साली सुमारे १८०० हेक्टरांवर सामूहिक वनहक्क मिळवला आणि पुढे स्वतःचा बांबू स्वतः विकला. एवढं करणाऱ्या गावांना झुडूप काढणं जड नाही. सुरुवात कुठून, ते बायांना विचारावं. ज्या मोहाखाली जायला त्या बिचकतात, तिथली जाळी आधी निघावी.