शिमग्याच्या आधीची मोजणी

कोकणातल्या गावाला त्याचे वय विचारावे, तर गोष्ट थेट परशुरामाच्या बाणापाशी जाऊन थांबते. मध्ये पांडवांनी एका रात्रीत बांधलेले देऊळ येते, आणि रात्र संपल्यामुळे अर्धवट राहिलेला कळसही येतो. दापोली तालुक्यातले मुरुड मात्र याला अपवाद. (जंजिऱ्याचे मुरुड वेगळे, ते रायगडात. आमच्याकडच्या निम्म्या पाहुण्यांना हे दोनदा सांगावे लागते.) हे गाव कसे वसवले गेले याची हकीगत सांगणारा एक जुना लेख होता. गावचेच विश्वनाथ नारायण मंडलिक यांनी १८६०च्या दशकात त्यावर रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात निबंध लिहिला. मंडलिक म्हणजे ‘नेटिव्ह ओपिनियन’चे संस्थापक, नामांकित वकील आणि खोतांच्या बाजूने हिरिरीने भांडणारे गृहस्थ. एवढ्या कामाच्या माणसाला आपल्या एका लहानशा गावाचा जन्म विद्वानांपुढे मांडावासा वाटला, याचे मला फार कौतुक वाटते.

परंपरा सांगते ती अशी : कोणी एक सिद्धपुरुष शिष्यांसह या किनाऱ्यावर आला, त्याने जागा हेरली, रान मोडले, दुर्गादेवीची स्थापना केली आणि कुटुंबे बोलावून गाव बसवले. आजही मुरुडात गेलात की हे ‘बसवलेले’पण दिसते. सरळ रस्ता, त्याच्या दोन्ही अंगांना घरे, चिऱ्याचे गडगे, घरामागे माडापोफळींची आगरे आणि त्यापलीकडे समुद्र. गावाची सुरुवात ‘या, इथे राहा’ अशा बोलावण्याने झाली.

आणि त्याच गावाचा पुढचा सगळा इतिहास गाव सोडण्याचा आहे.

धोंडो केशव कर्वे या गावचे. १८७५ साली, सतरा वर्षांचे असताना, परीक्षेसाठी ते सोबत्यांबरोबर मुरुडहून साताऱ्याला पायी निघाले. वाटेत कुंभार्ली घाट चढले. साताऱ्याला पोचल्यावर परीक्षा मंडळाने त्यांच्याकडे पाहून, तुम्ही सतरा वर्षांचे दिसत नाही, असे म्हणून परत पाठवले. ही गोष्ट आपल्याला शाळेत चिकाटीचा धडा म्हणून शिकवतात. मला तिच्यात दुसरेच दिसते. सरकारी नोकरीची एक साधी परीक्षा द्यायची, तर या किनाऱ्यावरच्या पोराला घाट चढण्यावाचून इलाज नव्हता. गावात भात होते, नारळ होता, सुपारी होती, पण दोन भावांत वाटली की तिसऱ्याला पुरेल एवढी जमीन नव्हती. जो तो मग हर्णै बंदराकडे चालू लागला. होडीतून आगबोटीपर्यंत, आगबोटीतून मुंबईपर्यंत. कोणी शाळामास्तर झाला, कोणी कारकून. शेजारच्या वाड्यांतले गिरणीत गेले, पलटणीत गेले. पोस्टमनच्या पिशवीतून मनीऑर्डर यायची आणि तिच्यावर घर चालायचे.

कर्व्यांनी या जाण्यातूनच एक युक्ती काढली. १८८६ साली त्यांनी ‘मुरुड फंड’ सुरू केला : बाहेर राहून मिळवणाऱ्यांनी मिळकतीचा लहानसा वाटा गावासाठी काढून ठेवायचा. पुढे मुंबईत गल्लोगल्ली जी ग्रामस्थ मंडळे निघाली, त्यांच्या फार आधीची ही गोष्ट. पण गाव ते गावच. १८९३ मध्ये कर्व्यांनी देवरुखच्या गोदूबाईंशी, एका विधवेशी, पुनर्विवाह केला, तेव्हा याच मुरुडने सभा भरवून त्यांच्यावर बहिष्कार घातला. घरात घ्याल तर तुम्हालाही वाळीत टाकू, असे घरच्यांना बजावले. फंड चालला, माणूस चालला नाही. आता गावात त्यांचा पुतळा आहे. मी त्याबद्दल गावाला टोचून बोलणार नाही. पुतळा उभारायला उशीर झाला म्हणून न उभारणारी गावे मला माहीत आहेत.

आता आकड्यांकडे वळू. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ साली १६,९६,७७७ होती. २०११ साली ती १६,१५,०६९ भरली. महाराष्ट्र वाढत असताना रत्नागिरीतली ८१ हजारांवर माणसे कमी झाली, आणि सिंधुदुर्गचेही तसेच झाले. दुसरा आकडा त्याहून बोलका आहे : हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया. हा आकडा पाहून, इथे मुलींना फार मान, असे भाषणात सांगणारे पुढारी मी ऐकले आहेत. मानाचा यात काही संबंध नाही. पुरुष मुंबईला होते, एवढाच त्याचा अर्थ. मागे राहिलेल्या बायकांनी आगराचे शिंपणे पाहिले, भात लावले, सासूसासऱ्यांची दुखणी काढली, तलाठ्याकडे खेपा घातल्या, आणि मुलगा दहावी झाला की त्यालाही गाडीत बसवून दिले. या गावांचा खरा इतिहास त्यांच्याकडे आहे, आणि तो कोणत्याही नियतकालिकात आलेला नाही.

जनगणनेचा एक योगायोग मला नेहमी गमतीचा वाटतो. २०११ ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीत झाली. त्या साली होळी होती १९ मार्चला. प्रगणक दारोदार फिरून, कुलुपे पाहून, कागद बांधून निघून गेला, आणि तीनेक आठवड्यांत चाकरमान्यांच्या गाड्या लागल्या. पालखी नाचवायला खांदे आले, चुली पेटल्या, ओट्यावर अंथरुणे पडली. ही माणसे मुंबईत मोजली गेली होती, विरारला, डोंबिवलीला. नियमाने तेच बरोबर. पण गावाला विचाराल तर ती गावचीच. देवीची पालखी ज्या घरी जाते, ते घर गावच्या हिशेबात बंद नसते.

अमेरिकेच्या मध्यभागातल्या मक्याच्या मुलखातही अशीच गावे रिती होत आली. तिथे यंत्रे आली, शेते मोठी झाली, माणसे लागेनाशी झाली. आपल्याकडे उलट शेते इतकी लहान झाली की माणूस मावेना. सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावे, त्यातली निम्मी स्वर्गात, उरलेली तीन शहरांत. घर विकता येत नाही, दुरुस्त कोणी करायचे ते ठरत नाही, म्हणून ते उभे राहते, वाळवी लागेपर्यंत.

२०२० च्या उन्हाळ्यात ही घरे एकदम भरली. टाळेबंदीत मुंबई सोडून लोक गावी आले, शाळांमध्ये विलगीकरणात राहिले. कुठे गावाने त्यांना भाकरी दिली, कुठे वेशीवर अडवले. आणि ३ जूनला ‘निसर्ग’ चक्रीवादळ आले. दापोली-मंडणगडच्या किनारपट्टीत माडपोफळींची आगरे आडवी झाली. पोफळ आज लावली तर फळ धरायला पाच-सहा वर्षे लागतात, माडाचेही तसेच. आजोबांनी लावलेले पडले, आणि पुन्हा लावायचे तर इतकी वर्षे गावात कोण राहणार, हा प्रश्न घरोघरी निघाला.

मुरुडच्या किनाऱ्यावर आज शनिवार-रविवारी पाय ठेवायला जागा नसते. डॉल्फिन दाखवणाऱ्या होड्या, घरगुती खानावळी, उकडीच्या मोदकांच्या पाट्या. दोन पैसे मिळतात, काही तरुण त्यामुळे टिकलेही आहेत, आणि मला त्याचा आनंद आहे. पण गर्दी म्हणजे वस्ती नव्हे. जिल्ह्यात ठिकठिकाणी बागा राखायला नेपाळहून आलेली कुटुंबे असतात. वर्षाचे बाराही महिने गावात दिवा त्यांच्या खोपटात लागतो. गाव बसवणाऱ्यानेही बाहेरची माणसेच बोलावली होती, हे जुन्या घराण्यांनी जरा आठवावे. दहा दिवस येऊन पालखी नाचवणारा गावचा, आणि बारा महिने झाडांना पाणी घालणारा परका, हा हिशेब मला पटत नाही.

पुढची जनगणना १ मार्च २०२७ हा दिवस धरून होणार आहे, आणि त्या वर्षी होळी २० मार्चनंतर आहे. प्रगणक याही खेपेला शिमग्याच्या आधीच येऊन जाईल.