दहा का वजा करायचे?

परवा आंबवड्याला गेलो होतो. नागेश्वराचं दर्शन झालं, झुलत्या पुलावर रेंगाळून झालं. दुपारी ओट्यावर जरा पाठ टेकतोय तोच पुतणी दहावीचं विज्ञानाचं पुस्तक घेऊन हजर. "काका, हे संयुजा इलेक्ट्रॉन मला जमतच नाहीत. अकरावीला मी सायन्स घेणार नाहीये."

मी आपला हुशारीत. म्हटलं, आवर्तसारणी कशाला छापलीय मग? उभा रकाना बघायचा. सोडियम पहिल्या गणात, म्हणून शेवटच्या कवचात एक. मॅग्नेशियम दुसऱ्यात, म्हणून दोन. तेरा ते अठरा या गणांत दहा वजा करायचे. क्लोरीन सतराव्यात, म्हणजे सात. हेलियम तेवढा अपवाद, बसतो अठराव्या गणात पण इलेक्ट्रॉन दोनच.

"पण दहाच का वजा करायचे?"

झालं! हा नियम तोंडपाठ करून मी मार्क मिळवले होते, 'का' कधी विचारलंच नव्हतं. (आणि बारावीनंतर रसायनशास्त्र सोडलं, ते पाठांतराला कंटाळून.) तिने वर आणखी एक टाकला. आजीच्या चंचीतला चुना कॅल्शियमचाच ना? त्याचं संरूपण 2, 8, 8, 2. "तिसऱ्या कवचात अठरा मावतात, मग आठावर थांबून चौथं का उघडलं?"

मग दोघांनी सारणीवर बोट ठेवून मोजायला घेतलं. चौथ्या कवचातल्या पहिल्या दोन जागा ऊर्जेच्या हिशोबात स्वस्त पडतात, म्हणून आधी त्या भरतात. पुढे स्कँडियमपासून जस्तापर्यंत बरोब्बर दहा मूलद्रव्यं. तिसऱ्या कवचात राहिलेल्या दहा जागा तिथे भरून निघतात. (क्रोमियम आणि तांबं मधेच वाकडं वागतात, रकान्याची युक्तीही या पट्ट्यात चालत नाही. पण जस्ताशी हिशोब जुळतो.) जस्त 2, 8, 18, 2 आणि त्यानंतरचं गॅलियम, गण तेरा, 2, 8, 18, 3. वजा करायचे ते दहा हेच, आतल्या कवचात जाऊन बसलेले! ॲल्युमिनियममध्ये ते दहा नसतातच, पण गॅलियमच्या डोक्यावर बसतं म्हणून त्याचाही रकाना तेरावा.

इतकी वर्षं हे माझ्या डोळ्यांसमोर होतं...

रात्री जेवताना तिने ब्रोमीन विचारलं. मी घाईत 2, 8, 8, 17 सांगून बसलो.

"काका, ते दहा आत जातात!"

सायन्सचं काय ठरलं, हे विचारायचं धाडस मात्र मी केलं नाही.