रामेश्वरचे दोन समुद्र

काशी-रामेश्वरची यात्रा पुरी करायला आलेला मराठी यात्रेकरू अग्नितीर्थावर स्नानाला उतरतो, तेव्हा त्याला नवल वाटते ते पाण्याचे. बहुतेक दिवस इथला समुद्र तळ्यासारखा संथ असतो. पण वीसेक किलोमीटरवरच्या धनुष्कोडीला गेले की चित्र पालटते. डिसेंबर १९६४ च्या वादळात उद्ध्वस्त झालेले हे गाव ओलांडले, की जमीन निमुळती होत समुद्रात शिरते. डाव्या हाताला पाल्कचा शांत उपसागर, उजवीकडे उसळणारे मन्नारचे आखात! तिथले कोळी पहिल्याला ‘पेण् कडल’ म्हणजे स्त्री-समुद्र आणि दुसऱ्याला ‘आण् कडल’ म्हणजे पुरुष-समुद्र म्हणतात.

ही किमया आहे रामेश्वर बेटाची आणि तिथून श्रीलंकेकडे गेलेल्या रामसेतूच्या उथळ वाळूदांड्यांची. त्यांच्यामुळे दोन पाण्यांमध्ये जणू बांध पडला आहे. पावसाळ्यात नैर्ऋत्येचे वारे आखात खवळून टाकतात, पण बेटाच्या आडोशाला उपसागर निवांत असतो. हिवाळ्याच्या सुमारास ईशान्येचे वारे सुटले की नेमके उलटे होते. म्हणून छोट्या होड्यांचे कोळी ऋतू पाहून किनारा बदलतात. एक दार लागले, तरी दुसरे उघडे असते.

दोन्ही पाण्यांतील जीवसृष्टीही निराळी आहे. उपसागर इतका उथळ, की सूर्यप्रकाश बऱ्याच ठिकाणी तळापर्यंत पोचतो आणि तिथे समुद्री गवताची कुरणे माजतात. कोळंबी आणि माशांची पिल्ले त्यांत वाढतात; समुद्रगाय, म्हणजे ड्युगाँग, हेच गवत चरते. आखातात रामेश्वरपासून तुतिकोरिनपर्यंत प्रवाळांनी वेढलेल्या २१ बेटांची माळ आहे. त्यांभोवतीचा समुद्र १९८६ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाला.

बेटांपुढचे प्रवाळखडक लाटांचा जोर मोडतात, म्हणून त्यांच्या आत मासळी वाढते आणि किनाराही टिकतो. पण चुनखडीसाठी वर्षानुवर्षे प्रवाळ खणून काढले गेले आणि २१ पैकी दोन बेटे पाण्याखाली गेली. पलीकडे ट्रॉलरच्या जाळ्यांनी गवताची कुरणे खरवडली जातात. २०२२ मध्ये तामिळनाडू सरकारने पाल्कच्या उपसागरात ४४८ चौरस किलोमीटरचे ड्युगाँग संवर्धन क्षेत्र घोषित केले, ते याच काळजीपोटी.

रामेश्वरहून काशीला वाळू नेण्याची आपली जुनी रीत आहे. ती मूठभर वाळू उचलताना एवढे ध्यानात ठेवावे, की अशाच वाळूच्या आधाराने इथली हजारो कुटुंबे दोन समुद्रांवर पोट भरतात.