बारा महिन्यांचा डोंगर

परभणी जिल्ह्यात आमचे एक डोंगरातले घर आहे, असे मी पुण्याच्या मित्रमंडळींत सांगितले की कोणी तरी हटकून विचारतो, "परभणीला डोंगर?" त्या प्रश्नात निम्मा अविश्वास असतो आणि निम्मी कीव. मग दुसरा कोणी तरी 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही म्हण ऐकवतो, सगळे हसतात आणि विषय महाबळेश्वराकडे वळतो. त्यांचा तरी काय दोष? आगगाडीने जालना सोडले की परभणीपर्यंत खिडकीतून दिसते ते काळे, सपाट रान. डोंगर पाहायचा तर गाडीतून उतरावे लागते, आणि परभणीला उतरतो तो लग्नाला नाही तर कामाला!

पण डोंगर आहेत, आणि दोन बाजूंना आहेत. दक्षिणेला गंगाखेडकडे बालाघाटच्या रांगा, आणि उत्तरेला जिंतूर तालुक्यातून जाणारे अजिंठ्याच्या डोंगराचे फाटे. आमचे घर या उत्तरेकडच्या डोंगरात, जिंतूर आणि येलदरी यांच्या मधल्या भागात आहे. महाबळेश्वर साडेचार हजार फुटांवर. आमचा डोंगर त्याच्या निम्म्यालाही पोचत नाही. थंड हवा म्हणाल तर मे महिन्यात पारा चव्वेचाळीस अंशांशी झोंबत असतो. इथे 'पॉइंट' नाहीत, घोडे नाहीत, चणे-शेंगदाणेवाला नाही. घर म्हणजे दोन दगडी खोल्या, वर पत्रे, पुढे पडवी, बाजूला गोठा आणि उतारावर एक विहीर. शेतातल्या अशा वस्तीला आमच्याकडे 'आखाडा' म्हणतात. "आम्ही सुटीत आखाड्यावर जातो," असे आमच्या नातीने शाळेत सांगितले, तेव्हा बाईंनी तिच्या दंडाकडे निरखून पाहिले म्हणे.

दोन वर्षांपूर्वी हा आखाडा विकायचे घाटत होते. आम्ही चार चुलतभाऊ त्याचे वाटेकरी. तिघे शहरांत, एक परदेशी. वर्षातून फार तर आठ दिवस वापरायचे घर आणि देखभाल मात्र बारा महिन्यांची, हा हिशेब कोणालाही पटण्यासारखाच होता. शिवाय एका भावाला मुलाच्या शिक्षणासाठी पैशांची खरोखरच निकड होती. गिऱ्हाईकही आले होते. आखाडा ज्यांनी उभा केला ते काका ऐंशीच्या पुढचे. ते एवढेच म्हणाले, "विका, माझी ना नाही. पण आधी एक वर्षभर दर ऋतूत चार दिवस राहून पाहा. न पाहिलेली वस्तू माणसाने विकू नये." मी नुकताच निवृत्त झालो होतो, म्हणून हे काम सर्वानुमते माझ्या गळ्यात पडले.

पहिली फेरी पौषात झाली. मराठवाड्याच्या उन्हाळ्याची कीर्ती सर्वत्र आहे, पण हिवाळ्याची कोणाला वार्ता नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या नोंदीत काही हिवाळ्यांत पारा पाच अंशांच्याही खाली उतरलेला आहे. पहाटे पडवीत आलो तर तोंडातून वाफा निघत होत्या. आणि हेच हुरड्याचे दिवस. ज्वारीचा दाणा चिकातून थोडा पुढे गेलेला, पण अजून टणक न झालेला, असे थोडेच दिवस असतात. ते चुकले की वर्ष चुकले. जमिनीत खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवायची, कणसे निखाऱ्यांत खुपसायची आणि गरम असतानाच तळहातावर चोळायची. चोळणाऱ्याचे हात भाजतात आणि खाणारे मात्र "अजून आण" म्हणतात. सोबत जवसाची चटणी, गूळ आणि घट्ट दही. आमच्या सौभाग्यवतींना एरवी रात्रीचे जेवण जड होते. त्या दिवशी त्यांनी किती कणसे संपवली हे मी सांगणार नाही.

हिवाळ्यात चालण्याला अंत नाही. एके सकाळी आम्ही जिंतूरजवळच्या नेमगिरीला गेलो. डोंगराच्या पोटात जैन लेणी आहेत. आत तीर्थंकरांच्या भव्य मूर्ती आणि दारे मात्र एवढी ठेंगणी, की मोठ्यातल्या मोठ्या माणसालाही वाकूनच आत शिरावे लागते. दुसऱ्या दिवशी चारठाण्याला. या एवढ्याशा गावात यादवकालीन वळणाची कितीतरी जुनी मंदिरे आहेत, उंच दगडी स्तंभ आहे, पायऱ्यापायऱ्यांची बारव आहे. तिच्या काठावर आम्ही दशम्या सोडल्या, तेव्हा सबंध परिसरात पाहुणे असे आम्हीच.

आणि येलदरी! पूर्णा नदीवरचे हे धरण १९६८ साली पुरे झाले. चार किलोमीटरांहून लांब बांध, नव्वद कोटी घनमीटरांहून अधिक पाणी पोटात घेण्याची ताकद आणि पायथ्याशी साडेबावीस मेगावॉटचे वीजघर. मराठवाड्यातल्या माणसाला एवढे पाणी एका जागी पाहून काय वाटते, ते कोकणातल्या माणसाला सांगून कळायचे नाही. हिवाळ्यात या पाण्यावर दूरदेशीचे पक्षी उतरतात. नारिंगी अंगाची चक्रवाकाची जोडी नातीने प्रथम टिपली आणि दिवसभर ती दुर्बीण कोणाच्या हाती लागू दिली नाही.

चैत्रातल्या फेरीला मात्र सौभाग्यवतींनी स्पष्ट नकार दिला. मी एकटाच गेलो. पळस फुलून गेला होता, मोहाचा वास रानात दरवळत होता, आणि नऊच्या आत जे करायचे ते करून घरात शिरायचे हा तिथला कायदा. पण पहाटे पाच ते नऊ हे चार तास काही वेगळेच. रोह्यांचा कळप बांध ओलांडून जाताना मी प्रथम पाहिला. शहरात त्यांना नीलगाय म्हणतात. पीक खाऊन टाकतात म्हणून शेतकरी काय म्हणतात ते छापण्याजोगे नाही. रात्री अंगणात बाज टाकायची. डोंगरावर दहानंतर वारा सुटतो आणि अंगावर चादर ओढावी लागते. डोक्यावर सप्तर्षी, आणि उत्तररात्री दक्षिणेला वृश्चिकाची नांगी. पुण्यात मी ती शेवटची कधी पाहिली होती?

याच फेरीत मला आखाड्याचा खरा प्रश्न कळला. विहीर तळाला गेली होती. आमचे सालगडी मामा दोर सोडून गाळ काढत होते. मला म्हणाले, "भाऊ, घराला गिऱ्हाईक लाख मिळतील. हिच्यात पाणी नसलं तर घर काय कामाचं?" २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, ही आठवण या भागात अजून कोणी विसरलेले नाही. डोंगरउतारावर माती पातळ, खाली मुरूम, त्याखाली काळा दगड. पाऊस पडला की पाणी उभ्या उताराने धावत ओढ्याला मिळते, मुरायला त्याला सवडच नसते. त्याला उपाय एकच, उताराला आडवे चर खणायचे. चर सगळीकडे एकाच पातळीत हवा, म्हणून लाकडाची 'ए' आकाराची चौकट करून तिला ओळंबा बांधतात. ओळंबा मधल्या खुणेवर आला की दोन्ही पाय सम पातळीत. कसल्याही यंत्राची गरज नाही.

मी चारही घरांना पत्रे धाडली आणि मेच्या सुटीत आम्ही अकरा माणसे आखाड्यावर जमलो. पहाटे दोन तास, संध्याकाळी दोन तास. पहिल्या दिवशी पुतण्यांच्या हातांना फोड आले, दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या फोडांची छायाचित्रे काढून मित्रांना पाठवली, तिसऱ्या दिवशी कुरकुर थांबली. तांड्यावरची चार मुले रोजावर होती. आमची मुले एक हात खणत तोवर त्यांचे चार हात होत. तेवढे चार शब्द गोरमाटी भाषेतले आमच्या मुलांनी उचलले. थंड हवेच्या ठिकाणी गेलेल्या कोणत्याही सुटीत ही भावंडे एकमेकांशी एवढी बोललेली मला आठवत नाहीत.

ज्येष्ठात पहिला पाऊस झाला. मातीतून मखमलीसारखे लाल मृगाचे किडे बाहेर पडले आणि नात त्यांना तळहातावर घेऊन घरभर हिंडली. पावशा ओरडू लागला. मग आषाढ-श्रावणाच्या झडीत डोंगर ओळखू येईना. इतका हिरवा! चपलेला दोन-दोन शेर काळी माती चिकटते, पत्र्यावर पाऊस असा वाजतो की बोलणे ऐकू येत नाही, आणि एका कोपऱ्यात गळते. पण मामींनी रोज नवी रानभाजी केली. तरोटा, कुर्डू, घोळ, करटुली, एकही बाजारातून नाही. तांड्यावर तीज होती. श्रावणात मुली टोपल्यांत गहू पेरतात, नऊ दिवस पाणी घालून वाढवतात आणि गोकुळाष्टमीच्या सुमारास वाजतगाजत बोळवतात. आम्हांला आग्रहाचे बोलावणे आले आणि सौभाग्यवती चक्क फेरात नाचल्या.

एका पहाटे पाऊस थांबल्यावर मी चरांकडे गेलो. उतारावर एकाखाली एक, आरशाच्या पट्ट्यांसारखे पाणी उभे होते. ते ओढ्याकडे धावत नव्हते. हळूहळू जमिनीत जिरत होते. मामा शेजारी येऊन उभे राहिले. म्हणाले काहीच नाहीत. फक्त एक बिडी शिलगावली.

आश्विनात सीताफळे डोळा उघडून बसली, गवत कमरेला आले, कोजागिरीला पडवीतच दूध आटवले. आणि दिवाळीच्या अमावास्येला तांड्यावरच्या कुमारिका हातात दिवे घेऊन घरोघर 'मेरा' मागायला निघाल्या. थोरामोठ्यांचे भले चिंतीत त्या दारोदार जातात. डोंगराच्या अंधारातून ती दिव्यांची ओळ येताना पाहिली, आणि शहरातली आपली रोषणाई मला जरा गोंगाटाची वाटली.

मग व्यवहाराचे बोलणे झाले. ज्या भावाला निकड होती, त्याचा वाटा आम्ही तिघांनी ऐपतीप्रमाणे रक्कम घालून घेतला. त्याचे काम अडले नाही आणि येण्याजाण्याचा हक्कही राहिला. गिऱ्हाईकाला नमस्कार केला. एक नियम मात्र घातला : दर ऋतूची देखभाल एकेका घराने करायची. उन्हाळा कोणी मागेना, म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. तो माझ्याच वाट्याला आला. गेल्या वैशाखात विहिरीला हातभर का होईना, पाणी होते. एका पावसाळ्याने फार मोठे सिद्ध होत नाही, हे मला कळते. चर दरसाल गाळाने भरतात आणि दरसाल उपसावे लागतात.

तुमच्यापैकी कित्येकांचे असे एखादे घर कुठल्या ना कुठल्या उतारावर कुलूप लावून पडलेले असेल. ते विकावे की ठेवावे, हे मी कोण सांगणार? पैशाची अडचण खरी असते आणि अंतरही खरे असते. एवढेच सुचवतो, की त्याला मे महिन्यातल्या आठ दिवसांवरून जोखू नका. आणि घर नसले, तरी परभणीला उतरून एस. टी. ने जिंतूर गाठायला कोणाची बंदी नाही. अंतर चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरच आहे. पौषात जाल तर लोकरीचे कपडे न्या, श्रावणात जाल तर जुन्या चपला न्या. चैत्रात जाल तर पहाटे उठायची तयारी ठेवा, आणि जमले तर एक कुदळही.