पिन कोड : अंटार्क्टिका

पोस्टिंग थेट अंटार्क्टिकाला. लोकलची गर्दी नाही, सिग्नल नाही, ईएमआयवाल्या बिल्डरांच्या जाहिराती नाहीत. फक्त एक अट... एकदा हिवाळा सुरू झाला की राजीनामा दिला तरी घरी येता येणार नाही! बोला, घ्याल हा जॉब?

गंमत म्हणजे जगाच्या या टोकाचं हेड ऑफिस आपल्या गोव्यात आहे. बागा-कळंगुट सोडून मी यावेळी वास्कोचा हेडलँड सडा गाठला. राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र ते हेच. डिसेंबर १९८१ मध्ये भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम गोव्यातूनच निघाली. १९८३-८४च्या मोहिमेत आपल्या नागपूरच्या डॉ. अदिती पंत होत्या. तेव्हा उभारलेलं 'दक्षिण गंगोत्री' पुढे बर्फात गाडलं गेलं. आज तिथे आपली दोन स्टेशनं आहेत. १९८९ पासूनचं 'मैत्री' आणि २०१२ पासूनचं 'भारती'.

उन्हाळ्यात तिथे पाहुण्यांची वर्दळ असते. खरी परीक्षा हिवाळ्याची. मार्चच्या सुमारास शेवटची मंडळी परतली की मागे उरतात जेमतेम वीस-पंचवीस जण. जूनमध्ये आमच्या नंदुरबारकडच्या कळसाडीत सगळे पावसाची वाट बघत असतात, तेव्हा 'मैत्री'वर सूर्यच उगवत नाही. जवळपास दोन महिने! सकाळ झाली हे फक्त घड्याळ सांगतं.

मग करतात काय तिथे? तर रोज तेच काम, न चुकता. कुणी हवामानाच्या नोंदी घेतं, कुणी ओझोन मोजायला फुगा सोडतं. पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेची उपकरणं पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावर नजर ठेवतात. पण हे सगळं चालतं ते जनरेटर सांभाळणाऱ्या मेकॅनिकच्या आणि प्रियदर्शिनी तलावाचं पाणी नळापर्यंत आणणाऱ्यांच्या जिवावर. जनरेटर बंद म्हणजे हीटर बंद. त्यामुळे तिथे 'हे माझं काम नाही' चालत नाही. किचन ड्युटी पाळीपाळीने सगळ्यांना. सायंटिस्ट असा, नाहीतर डॉक्टर, भांडी घासावीच लागतात, बॉस!

आणि कचरा? तो बर्फात टाकून यायचं नाही. करारानुसार बराचसा परत आणावा लागतो.

सगळ्यात अवघड मात्र थंडी नाही, अंतर आहे. इस्रोच्या मंगला मणी २०१६-१७ मध्ये 'भारती'वर ४०३ दिवस राहिल्या, २३ जणांच्या टीममध्ये एकट्या बाई. वय ५६! फोन-इंटरनेट आहे, पण घरी कुणी आजारी पडलं तर बातमी पोचते, माणूस पोचत नाही. हे माहीत असूनही लोक जातात.

एप्रिल २०२४ मध्ये 'भारती'वर पोस्ट ऑफिस सुरू झालं. गोवा टपाल विभागाचं, म्हणजे महाराष्ट्र सर्कलचं. त्याचा प्रायोगिक पिन चक्क 'एमएच-१७१८'! मोहिमेबरोबर पत्रं जातात आणि शिक्का घेऊन परत येतात.

जायचंय? या केंद्राच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. शास्त्रज्ञच लागतात असं नाही. डॉक्टर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर, मेकॅनिक, स्वयंपाकी, सगळे लागतात. कडक मेडिकल होतं, औलीच्या बर्फात ट्रेनिंग होतं. पण फॉर्म भरण्याआधी आईला विचारा. वर्षभर वाट तिला बघायची आहे.