श्वास मोजताना

गेला वीकांत साताऱ्यात गेला. दर दुसरा जातोच म्हणा, पण या वेळी पुण्याहून निघताना बॅगेत लॅपटॉपशेजारी पेढ्याच्या गोळ्यांचं पाकीट होतं. पेढ्या म्हणजे आमचा कुत्रा. पांढराशुभ्र स्पिट्झ. २०११ साली मला पहिली नोकरी लागली, बाबा कंदी पेढे घेऊन आले आणि त्याच संध्याकाळी शेजारच्या काकांनी हे पिल्लू आईच्या मांडीवर आणून ठेवलं. पांढऱ्या कुत्र्याचं नाव पेढा कसं काय, हे तेव्हापासून येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो. असो.

चार महिन्यांपूर्वी तो खोकायला लागला. आम्हाला वाटलं, घशात हाडबिड अडकलं असेल. निघालं हृदय. लहान चणीच्या म्हाताऱ्या कुत्र्यांमध्ये हे बऱ्याचदा होतं म्हणे. हृदयातली मायट्रल झडप जाड होते, नीट मिटत नाही, आणि दर ठोक्याला थोडं रक्त उलटं मागे जातं. हृदय मोठं होत जातं आणि पुढे फुप्फुसात पाणी साठायला लागतं. उपाय म्हणजे गोळ्या. एक हृदयाला जोर देते, दुसरी लघवीवाटे पाणी काढते. त्यामुळे साहेब रात्रीत तीनदा बाहेर जायला उठवतात, आणि आई उठते.

डॉक्टरांनी घरी करायला एक काम दिलं. कुत्रा गाढ झोपलेला असताना मिनिटाला किती श्वास घेतो ते मोजायचं. छाती वर गेली आणि खाली आली की एक. तीसच्या आत असेल तर ठीक. तीसच्या वर जायला लागला तर लगेच फोन.

आता सॉफ्टवेअरवाल्याच्या हातात एक आकडा आणि एक मर्यादा दिली तर तो काय करणार? मी एक्सेल शीट केली. रोज रात्री आईने मेसेजवर आकडा कळवायचा, मी तो भरायचा, ग्राफ आपोआप. हापिसात सर्व्हरवर जशी नजर ठेवतो, तशीच पेढ्यावर. अठ्ठावीस, सत्तावीस, अठ्ठावीस, अठ्ठावीस. रेघ कशी सरळ. मी पुण्यात निवांत.

पण एक गोष्ट मी आईला सांगितली नव्हती. मागच्या वेळी डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले होते, आता काही महिने धरून चला, कदाचित त्याहून कमी. मीच त्यांना म्हटलं, आईसमोर नको. तिचं बीपी, तिची झोप... कारणं काय, ढीगभर सापडतात.

शनिवारी रात्री जेवणं झाल्यावर बाबांनी सिनेमा लावायला सांगितला. त्यांची फर्माईश, ‘श्वास’. नाव ऐकूनच मला नको वाटलं, पण सांगणार काय?

तुम्हाला आठवत असेलच. २००४ चा संदीप सावंतांचा सिनेमा. ‘श्यामची आई’नंतर थेट यालाच सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं, आणि ऑस्करच्या प्रचारासाठी लोकांनी वर्गणी काढली होती. कोकणातले आजोबा (अरुण नलावडे) नातवाला डोळे दाखवायला शहरात आणतात. डोळ्यांचा कॅन्सर. जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. आणि डॉक्टर अडून बसतात की ऑपरेशनच्या आधी पोराला हे सांगायलाच हवं. आजोबांच्या तोंडून शब्द फुटत नाही.

माझं अर्धं लक्ष टीव्हीवर, अर्धं सतरंजीवर. पेढ्या आईच्या पायाशी झोपला होता. मी मनातल्या मनात मोजत होतो. चौतीस. पुन्हा मोजलं. पस्तीस.

तेवढ्यात आई म्हणाली, “जरा थांबव रे ते.”

उठली, स्वयंपाकघरात गेली आणि भिंतीवरचं कालनिर्णय काढून घेऊन आली. तारखांच्या चौकटीत दुधाचे आकडे असतात ना, त्यांच्याखाली पेन्सिलीने बारीक आकडे होते. २८, २९, ३१, ३०, ३३, ३४.

“तुला अठ्ठावीसच कळवत होते,” ती म्हणाली. “तू तिकडे एकटा, रात्रीची कामं. म्हटलं, कशाला उगीच झोप उडवायची?”

मी गप्प. एवढी सरळ रेघ बघून मला शंका यायला हवी होती. हापिसात कुठलंही यंत्र सलग आठवडाभर तोच आकडा दाखवायला लागलं, तर आम्ही पहिल्यांदा मोजणारंच बिघडलंय का ते बघतो.

मग मीही सांगून टाकलं. डॉक्टर काय म्हणाले ते, अगदी शब्दन् शब्द. बाबांनी चष्मा काढून पुसला. आई एवढंच म्हणाली, “मग आत्ता फोन कर.”

साडेनऊ वाजले होते, तरी डॉक्टरांनी फोन उचलला. पाणी काढणारी गोळी वाढवायला सांगितली आणि सकाळी घेऊन या म्हणाले. गोळी पेढ्याच्याच तुकड्यात लपवून दिली (हो, पेढ्याला पेढा!). उरलेला सिनेमा मग तिघांनी पाहिला. ऑपरेशनच्या आधी आजोबा नातवाला गुपचूप दवाखान्यातून बाहेर नेतात, दिवसभर जग दाखवतात. आई डोळे पुसत होती. कोणासाठी, ते विचारलं नाही.

पहाटे पाच वाजता आकडा २९.

रविवारी दवाखान्यातून निघालो ते थेट चार भिंतींवर गेलो. पूर्वी पेढ्या हा चढ आमच्या पुढे पळत चढायचा. या वेळी गाडीतून नेला आणि वर गेल्यावर मी उचलून घेतला. समोर अख्खं सातारा, मागे अजिंक्यतारा, भरपूर वारा. कान मागे पडलेले, नाक वर करून तो वास घेत बसला. पंधरा-वीस मिनिटं आम्ही काही बोललो नाही. श्वासही मोजले नाहीत.

शीट अजून आहे. फक्त जुन्या अठ्ठावीसच्या जागी आता कालनिर्णयातले आकडे भरलेत. कालचा मेसेज होता: ३१, जेवण अर्धंच. डॉक्टरांना कळवलंय. पुढचा वीकांतही साताऱ्यातच.